मामा बनवणारी

नव्या नियमाची बातमी वाचून तिने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की पलीकडच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय पडलं?"

"माझं नशीब पडलं," ती म्हणाली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. काही पडलं म्हटलं की आधी माणसं सुखरूप आहेत का एवढंच बघायची त्याला सवय. त्याने दारातून डोकावून पाहिलं. बायको धडधाकट होती, लॅपटॉपही शाबूत होता. तो परत आपल्या कामाला लागला. बायकोच्या धंद्याबद्दल तो फारसं विचारत नसे. घर चालतंय ना, मग झालं.

तिचा धंदा समजायला सोपा आणि चारचौघांत सांगायला अवघड होता. ऑनलाइन जुगाराच्या कंपनीला गिऱ्हाईक आणून द्यायचं. जुगार तिचा नव्हे, पत्ते ती पिसत नसे, कुणाच्या पैशाला तिचा हातही लागत नसे. ती फक्त लिहायची. कुठली साइट बरी, जिंकलेले पैसे कुठे लवकर हातात पडतात, नव्या माणसाला कुठे काय बक्षीस मिळतं. वाचणारा तिच्या पानावरच्या निळ्या लिंकवर बोट ठेवायचा, तिकडे नवं खातं उघडायचा किंवा जुनंच पुन्हा सुरू करायचा, आणि तो माणूस तिच्या नावावर लागायचा. मग तो जेवढं हरेल त्यातला वाटा तिला. जिंकला तर तिला काही नाही, आणि हरला तर तो हरत राहील तोवर तिची चांदी. कंपनी याला महसुलातला हिस्सा म्हणायची, आणि तीही तसंच म्हणायची. 'हरणं' हा शब्द तिच्या लिखाणात औषधालाही सापडला नसता. तिच्याकडे सगळे फक्त खेळायचे.

त्याआधी ती मिक्सर आणि इस्त्र्यांबरोबर येणारी माहितीपत्रकं लिहायची. ओल्या हाताने बटण दाबू नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे. मालकाने ते काम यंत्राकडून करून घ्यायला सुरुवात केली आणि हिला घरी बसवलं. तेव्हापासून तिला साहेब, मालक आणि सरकार या तिघांचा सारखाच राग होता. घरबसल्या लिहायचं काम शोधता शोधता ती इथे येऊन टेकली.

सुरुवातीला तिने तज्ज्ञाच्या थाटात लिहिलं. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग तिच्या डोक्यात मामा आला. लोक तज्ज्ञाचं ऐकत नाहीत, पाठीवर हात ठेवणाऱ्याचं ऐकतात, हे तिने बरोबर हेरलं होतं. मिशीवाल्या, चष्म्यातून हसणाऱ्या एका माणसाचं चित्र तिने काढून घेतलं आणि साइटला नाव दिलं 'मामा सांगतो'. मामा बनवणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवऱ्याने त्या धंद्यावर आयुष्यात एकच विनोद केला तो याच नावावर. "तू लोकांसाठी मामा बनवतेस, की लोकांना मामा बनवतेस?" तीही तेव्हा पोट धरून हसली होती.

मामाचा आवाज तिला शोधावा लागला नाही. तो माहेरी आयता होता. तिचा थोरला भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा. तिच्या मुलीचा तो खराखुरा मामा. बोलायला लागला की रडणारं माणूस हसायचं. "हे बघ राजा," असं म्हणून सुरुवात करायची, मग "घाबरतोस कशाला, मी बसलोय ना," आणि कुणी फार तणतणत आलं तर "आधी पाणी पी, मग बोल." तिने हे सगळं जसंच्या तसं उचललं. त्याचं थांबणं उचललं, त्याची स्वतःवरच हसायची खोड उचलली. लोक धडाधड वाचू लागले. 'मामा, तुमच्याशी बोलून बरं वाटतं,' असं लिहू लागले. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बहीण कंपन्यांसाठी लिहिते, एवढंच तो कौतुकाने गिऱ्हाइकांना सांगायचा.

आणि आता हा नियम. हरण्यातला वाटा बंद. गिऱ्हाईक आणलं की ठरलेलं मानधन एकदाच घ्या आणि गप्प बसा. लिहिणाऱ्याने सरकारदरबारी नोंदणी करायची आणि महिनाअखेरपासून प्रत्येक पानावर, अगदी वरती, स्वतःचं खरं नाव लिहायचं. मामा-बिमा चालणार नाही. शिवाय, लिहिणाऱ्याने चूक केली तर दंड कंपनीला. म्हणजे कंपन्या चिल्लर माणसांना हाकलणार आणि बड्यांना जवळ करणार, हे कळायला तिला वकील नको होता.

"मैदानावर यांच्या पाट्या लागतात," ती नवऱ्यावर ओरडली, जणू नियम त्यानेच केला होता. "सामना सुरू व्हायच्या आधी यांच्या जाहिराती. तिथे सरकारचा घसा बसतो! आणि गळा धरायचा कुणाचा, तर घरात बसून चार ओळी लिहिणाऱ्या बाईचा!"

यात ती सगळीच चुकत होती असं नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं. बडे मासे जाळ्यातून निसटतात आणि चिंगळ्या काठावर तडफडतात, हे कुठल्याही नियमाचं होतंच. पण तिचा राग सगळ्यात जास्त भडकला तो शेवटचं कलम वाचून. खातं बंद कसं करावं हे सांगणाऱ्या पानावर कमाईची लिंक असता कामा नये, असं त्यात लिहिलं होतं.

"असं कोण करतं?" ती म्हणाली. "जो सुटायला बघतोय त्याच्याच पायात लिंक अडकवायची? आम्हाला काय राक्षस समजतात का हे?"

"कुणीतरी करत असेल," नवरा म्हणाला. "त्याशिवाय लिहिलं असतं का?"

"करत असतील चोर. मी नाही."

तिच्याकडेही तसं एक पान होतं. 'खेळ कायमचा बंद कसा करायचा.' लोक हे खूप शोधतात म्हणून तिने ते लिहिलं, पण लिहिताना ती मनापासून लिहीत होती हेही तितकंच खरं. एका बैठकीत लिहून काढलं होतं. शेवटच्या ओळी लिहिताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. धंद्यापायी कधी रात्रीचं जेवण गोड लागेनासं झालं तर ती त्या पानाकडे बोट दाखवायची. बाकी काही असो, हे पान पुण्याचं.

कंपनीचा माणूस फोनवर आला. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. नुसता आवाज, तोही मधात बुडवून काढलेला.

"मॅडम, नोंदणीच्या भानगडीत कशाला पडता? आमची दुसरी साइट आहे, देशाबाहेर. तिथे कुणी नाव विचारत नाही. मामा तसाच राहू दे, तुमचा वाटाही तसाच. फक्त लिंक बदलायच्या."

"विचार करून सांगते," ती म्हणाली. विचार करून सांगते म्हणजे हो, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

दादा बरेच दिवस फिरकला नव्हता. फोन केला तर कामात आहे म्हणायचा. मुलगी रोज विचारायची, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये घुसवलेली एक बोळकांडी. मशीनच्या तेलाचा वास, डब्यात बॉबिन, फळीवर माना टाकून पडलेली मशीनं. मागच्या भिंतीवर त्याने प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढून ठेवला होता. पाना इथे, पक्कड इथे, हातोडी इथे. हत्यार उचललं की त्याची जागा डोळ्यांत भरली पाहिजे, म्हणजे ते परत तिथेच जातं, असं त्याचं म्हणणं. आज भिंतीवर नुसते काळे आकार होते. हत्यार एकही नव्हतं.

"दादा, हत्यारं कुठे गेली?"

"विकली." त्याने मान वर केली नाही. किल्लीवाल्याकडून मागून आणलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो एक मशीन खोलत होता. "फोनवर खेळत होतो. हरलो. तुला सांगणार होतो, जीभ उचलली नाही."

तिने स्टूल ओढून घेतलं. "कधीपासून?"

"ते सोड. सोडायचं ठरवलं होतं, बारके. शपथेवर सांगतो. इथेच बसून शोधलं, हे कायमचं कसं बंद करायचं. तर एक मामा सापडला." तो हसला. "काय लिहितो गं तो माणूस! वाचून मला रडायला आलं. वाटलं, समोर बसून बोलतोय. मला तर वाटलं, अरे, हा माझ्यासारखाच बोलतो. म्हणून विश्वास टाकला."

"मग केलंस ना बंद?"

"तेच तर! त्याने लिहिलंय, कंपनीच्या साइटवर जा आणि खातं बंद करा. कंपनीचं नाव निळं होतं, दाबलं. तर ते भलतीकडेच गेलं. 'परत आलात, स्वागत आहे', आणि खात्यात बक्षीस. म्हटलं फुकटचं आहे, एवढं संपवू आणि मग बंद करू." त्याने मागच्या भिंतीकडे अंगठा केला. "ते संपवता संपवता ही भिंत संपली. परत गेलो त्याच पानावर, बंद करायला. परत तेच. दर वेळी बंद करायलाच गेलो, कुणी मानो वा न मानो."

तिने त्याचा फोन घेतला. पान उघडलं. मिशीवाला चष्म्यातून हसत होता. तिने कंपनीच्या नावावर बोट ठेवलं. बक्षिसाचं पान उघडलं, आणि त्याच्या पत्त्याच्या शेपटीला कंपनीने तिला दिलेला नंबर लोंबत होता.

काय झालं होतं ते तिला तिथल्या तिथे कळलं. तीनेक वर्षांपूर्वी तिने साइटवर एक सोय बसवून घेतली होती. जिथे जिथे कंपनीचं नाव येईल तिथे तिथे आपोआप तिची लिंक लागायची. हाताने लावायचे कष्ट वाचतात, एकदा बसवलं की बघायला नको, असं त्या सोयीच्या जाहिरातीत म्हटलं होतं. आणि तिने खरोखरच बघितलं नव्हतं. यंत्राला काय, पान पुण्याचं की पापाचं? त्याने नाव पाहिलं आणि लिंक डकवली. दादा हरला त्यातला वाटा तिच्याकडे आला होता. तो तिने खर्चही केला होता.

"तुला यातलं कळतं," दादा म्हणाला. "मला त्या मामाचं नाव शोधून दे. नवीन नियम आलाय म्हणे, नाव लावावंच लागणार. एकदा नाव कळू दे, त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. मारणार-बिरणार नाही. फक्त विचारणार, तुझ्या घरी कुणी माणूस नाही का रे?"

"बघते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

रस्ताभर ती चडफडत राहिली. आधी त्याच्यावर. घोड्यासारखा वाढलाय, कुणी सांगितलं होतं खेळायला? मग त्या सोयीवर. मग कंपनीवर. घरी पोचली तेव्हा शिव्या देण्यासारखं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला आणि ती सोय काढून टाकली. एक बटण दाबलं, झालं. ते इतकं सोपं होतं याचाच तिला संताप आला.

संध्याकाळ व्हायच्या आत कंपनीच्या माणसाचा फोन.

"मॅडम, त्या बंद करण्याच्या पानावरची लिंक निघालेली दिसतेय. चुकून झालं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय मॅडम! ते तुमचं सगळ्यात कमाईचं पान. सोडायला आलेला माणूस परत बसला की मग उठत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" तिचा आवाज चढला. "माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुम्हीच मुद्दाम लावलीय." माणूस खरोखर गोंधळला होता. "फार डोकं चालवलंत असं सगळे म्हणाले. आम्ही बाकीच्यांना तुमचं उदाहरण देतो. आता कितीतरी जणांनी तशी पानं केलीत."

ज्या कलमावर ती काल थुंकली होती ते आकाशातून पडलं नव्हतं. तिचा कित्ता गिरवणाऱ्यांसाठी ते लिहावं लागलं होतं. राक्षसाची शाळा निघाली होती, आणि पहिली बाई ही.

"ऐक," ती म्हणाली. त्या माणसाला ती पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. "तुझी लिंक घाल चुलीत. परत फोन केलास तर तुझ्या आवाजासकट तुला पोलिसांत नेऊन उभा करीन." त्याच्या घरच्यांचाही तिने उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. फोन आपटला तेव्हा नवरा दारात उभा होता. या वेळी त्याने काय पडलं असं विचारलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "साइटच बंद करून टाक. पाटी पुसली की संपलं. मामा कोण होता हे दादाला कधी कळायचं नाही."

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. दुकानातून घरी येताना, शिव्या देता देता, मधूनमधून तेच तर चाललं होतं. साइट गेली तर धंदा जाईल, पण दादा राहील. त्याची हत्यारं ती हळूहळू भरून देईल, गुपचूप. तो म्हणेल, माझी बारकी कशी गुणाची.

"आणि तो मला गुणाची म्हणत राहील, मी ऐकत राहीन?" ती नवऱ्यावर खेकसली. "त्याला फसवूनच तर खाल्लं आत्तापर्यंत. आता त्याच्या मायेलाही फसवून खाऊ? तो त्या मामाचं दार शोधतोय. त्याला ते दाखवायला नको?"

नवऱ्याने मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नाही.

नोंदणी तिने केली नाही, कारण मामाचं दुकान ती गुंडाळणारच होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्या बंद करण्याच्या पानावरचं मिशीवाल्याचं चित्र काढलं आणि वरती ठळक अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मग चपला घालून निघाली. दादाला आपल्या तोंडून आधी कळावं, असं तिला वाटत होतं.

पण तो सकाळपासून, नाव लागलंय का म्हणून, ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत बसला होता. ती दुकानाच्या पायरीवर दिसताच तो उठून पुढे आला. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

"बारके, बरं झालं आलीस! बघ हे! त्या हरामखोराने तुझं नाव चोरलं. पूर्ण नाव टाकलंय गं तुझं! आता काय करायचं? चल, आत्ताच्या आत्ता तक्रार देऊ. मी येतो तुझ्याबरोबर. घाबरू नकोस अजिबात."

किल्लीवाला पलीकडून मान लांब करून बघत होता. तिने दादाच्या हातातला फोन हळूच खाली केला.

"चोरलं नाही, दादा. ते माझंच आहे. तो मामा मीच आहे."

त्याला कळायला वेळ लागला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग फोनकडे, मग परत तिच्याकडे. तिने सांगून टाकलं. वाट्याचं सांगितलं, आपोआप लागणाऱ्या लिंकचं सांगितलं, तिला माहीत नव्हतं हे सांगितलं आणि बघायला हवं होतं हेही सांगितलं. ओरड, मार, काहीतरी कर, असं ती मनात म्हणत होती. तो ओरडला असता तर तिला उलट ओरडता आलं असतं.

त्याने फोन तिच्या हातात दिला. "बंद करून दे," म्हणाला. "तुला येतं ना? तूच लिहिलंयस."

ती स्टुलावर बसली. तिने लिहिलं होतं, वर उजवीकडे आपल्या नावावर दाबा, तिथे 'खातं बंद करा' दिसेल. तिथे ते नव्हतं. कधीच नसावं. तिने ते कंपनीने पाठवलेल्या माहितीवरून लिहिलं होतं, स्वतः एकदाही करून पाहिलं नव्हतं. ती एकेक पान उघडत गेली. दर पानावर बक्षीस. शेवटी मदतीच्या खिडकीत कुणीतरी सापडलं. 'प्रिय खेळाडू, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं. त्याआधी ही भेट स्वीकारणार का?' नाही, तिने लिहिलं. त्यांनी कारण विचारलं. तिने लिहिलं. त्यांनी सध्या थोडी विश्रांती घेऊन बघा असं सुचवलं. "अरे बंद करा म्हटलं ना, मेल्यांनो!" ती दुकानात मोठ्याने ओरडली, आणि झेरॉक्सवाल्याचं गिऱ्हाईक दचकलं. दादा मशीनचा पट्टा चढवत बसला होता.

बऱ्याच वेळाने पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. हे खातं पुन्हा कधीही उघडता येणार नाही, नक्की? तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने तेलाचं बोट पॅन्टला पुसलं आणि स्वतः दाबलं.

"झालं?"

"झालं."

त्याने फोन खिशात टाकला. ती उठली. काहीतरी बोलायलाच हवं होतं. तोंडावर आलं ते नेहमीचंच. "हे बघ दादा, हत्यारांची तू अजिबात काळजी करू नकोस, मी बसलेय ना..."

"बारके," तो मध्येच म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "हत्यारं माझी मी बघीन. तू एक कर. माझ्यासारखं बोलणं सोड."